हेमू अधिकारी

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी ऊर्फ हेमू अधिकारी (जन्म : ३१ जुलै १९१९, पुणे; मृत्यू : २५ ऑक्टोबर २००३, मुंबई) हे भारताचे कसोटी क्रिकेटपटू, सेनादलातील अधिकारी आणि भारतीय संघाचे प्रशिक्षक व व्यवस्थापक होते. उजव्या हाताचे फलंदाज, कामचलाऊ लेगब्रेक गोलंदाज आणि आपल्या काळातील भारताच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकांपैकी एक अशी त्यांची ओळख होती. १९४७ ते १९५९ या काळात ते २१ कसोटी सामने खेळले व शेवटच्या सामन्यात त्यांनी भारताचे नेतृत्व केले. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिली कसोटी मालिका जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते व्यवस्थापक होते.

कसोटी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ८७२ धावा, एक शतक, चार अर्धशतके आणि तीन बळी आहेत; फलंदाजीची सरासरी ३१.१४ आहे. केवळ या आकड्यांवरून पाहिल्यास ही एका मध्यम दर्जाच्या खेळाडूची नोंद वाटेल. तथापि त्यांच्या बहुतेक मोठ्या खेळी संघ अडचणीत असताना आलेल्या आहेत, आणि क्षेत्ररक्षणाने त्यांनी वाचवलेल्या धावांची नोंद कोणत्याही धावफलकावर होत नाही. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आकड्यांबरोबर ते सामनेही पाहावे लागतात.

प्रारंभीचा काळ

अधिकारी यांचा जन्म पुण्याचा असला, तरी त्यांचे क्रिकेट गुजरात आणि बडोदा येथे घडले. १९३६-३७ च्या हंगामात गुजरातकडून त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्यानंतर ते बडोद्याच्या संघात आले. गायकवाडांच्या बडोदा संस्थानात खेळाला उदार राजाश्रय होता आणि मराठी भाषकांची वस्तीही मोठी होती. सांगलीचे विजय हजारे बडोद्याकडून खेळत, गुल महंमद यांच्यासारखा आक्रमक फलंदाजही त्याच संघात होता. १९४० च्या दशकात बडोद्याची गणना देशातील बलाढ्य संघांत होत असे व रणजी करंडकही या संघाने पटकावला होता. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत अधिकारी हिंदू संघाकडून खेळले. धर्मावर आधारलेल्या संघांची ही स्पर्धा पुढे टीकेचा विषय होऊन बंद पडली. पण त्या काळी मैदान तुडुंब भरून प्रेक्षक मिळण्याचे दुसरे ठिकाण देशात नव्हते.

खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे, म्हणजे विशी ते सव्विशी, दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली. या काळात कसोटी सामनेच झाले नाहीत. अधिकारी सैन्यात दाखल झाले आणि पुढे लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. पहिला कसोटी सामना खेळताना त्यांनी वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण केलेली होती.

ऑस्ट्रेलिया दौरा (१९४७-४८)

स्वतंत्र भारताच्या संघाचा पहिला परदेश दौरा ऑस्ट्रेलियाचा होता. लाला अमरनाथ कर्णधार होते आणि समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ होता. पहिल्या कसोटीत ब्रिस्बेनच्या ओल्या खेळपट्टीवर भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. याच सामन्यात अधिकारी यांचे कसोटी पदार्पण झाले. इतकी कठीण सुरुवात फार थोड्या खेळाडूंच्या वाट्याला आली असेल.

जानेवारी १९४८ मधील ॲडलेड कसोटी विजय हजारे यांच्या दोन शतकांसाठी (११६ व १४५) प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचल्यावर भारताने ३८१ आणि २७७ धावा केल्या व सामना एक डाव १६ धावांनी गमावला. दुसऱ्या डावात भारताचे अनेक फलंदाज शून्यावर बाद झाले. अशा पडझडीत हजारे यांना दीर्घकाळ साथ देणारा फलंदाज एकच निघाला, तो म्हणजे अधिकारी. त्यांनी ५१ धावा केल्या आणि दोघांनी सातव्या गड्यासाठी शतकी भागीदारी केली. हजारे यांच्या पराक्रमाचे वर्णन करताना ही दुसरी बाजू बहुधा सांगायची राहून जाते.

दिल्लीतील दोन खेळी

नोव्हेंबर १९४८ मध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील पहिला कसोटी सामना दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर झाला. वेस्ट इंडीजच्या चार फलंदाजांनी शतके केली आणि त्यांचा डाव ६३१ धावांवर संपला. भारताने ४५४ धावा करून उत्तर दिले. त्यांत अधिकारी यांच्या नाबाद ११४ धावा होत्या. हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक होय. तरीही भारत १७७ धावांनी मागे असल्याने त्याला फॉलोऑन, म्हणजे लागोपाठ दुसरा डाव, खेळावा लागला. त्या डावात भारताने ६ बाद २२० धावा करून सामना अनिर्णित राखला.

अधिकारी यांची दुसरी महत्त्वाची खेळी चार वर्षांनी याच मैदानावर झाली. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ आपला पहिलावहिला कसोटी सामना दिल्लीत खेळत होता. फाळणीला पाच वर्षे झाली होती आणि पाकिस्तानच्या संघातील काही खेळाडू पूर्वी अविभाजित हिंदुस्थानच्या स्पर्धांत खेळलेले होते. भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले, तेव्हा अधिकारी खेळत होते आणि साथीला अकराव्या क्रमांकाचे फलंदाज, हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद आले. अकरावा फलंदाज आला की एक-दोन फटक्यांनंतर डाव संपायचा, अशीच अपेक्षा असते. येथे मात्र दोघांनी १०९ धावांची भर घातली. गुलाम अहमद यांनी बरोबर ५० धावा केल्या; हे त्यांचे कसोटीतील एकमेव अर्धशतक ठरले. अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले आणि डाव ३७२ पर्यंत गेला.

त्यानंतर विनू मंकड यांनी दोन डावांत मिळून १३ बळी घेतले. पाकिस्तानचे डाव १५० आणि १५२ धावांवर संपले आणि भारत एक डाव ७० धावांनी विजयी झाला. हा सामना मंकड यांच्या नावाने ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. पण साधी बेरीज-वजाबाकी केली तरी शेवटच्या जोडीचे मोल कळते. डाव २६३ वर संपला असता, तर पाकिस्तानच्या दोन डावांतील ३०२ धावा त्याहून ३९ ने अधिक भरल्या असत्या आणि भारताला पुन्हा फलंदाजीला उतरावे लागले असते. पुढे भारताने ही मालिका २-१ अशी जिंकली. कोणत्याही देशाविरुद्ध भारताने जिंकलेली ही पहिली कसोटी मालिका.

सेनादल आणि हुकलेले सामने

अधिकारी यांच्या पहिल्या आणि शेवटच्या कसोटीदरम्यान भारताने ४७ कसोटी सामने खेळले. त्यांपैकी २६ सामन्यांत अधिकारी नव्हते. याचे प्रमुख कारण लष्करी सेवा हे होते. त्या काळी बहुतेक भारतीय खेळाडूंचा क्रिकेट हा चरितार्थ नव्हता. कोणी संस्थानिकाच्या पदरी असे, कोणी रेल्वेत किंवा बँकेत नोकरी करी. कचेरीतील रजा मंजूर होणे आणि तुकडीवरील अधिकाऱ्याला महिनोन्‌महिने सोडणे यांत फरक होता. लष्करी कर्तव्य आणि क्रिकेट यांच्यात निवड करण्याची वेळ आली, की क्रिकेट मागे पडे.

या सेवेचा लाभ मात्र सेनादलाच्या संघाला झाला. आज रणजी करंडकात सेनादलाचा फारसा दबदबा नाही. पण १९५० च्या दशकात हा संघ कोणालाही जड जात असे. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन हंगामांत सेनादलाने रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. पहिल्या वर्षी मुंबईने आणि दुसऱ्या वर्षी अधिकारी यांच्या जुन्या बडोदा संघाने त्यांना हरवले. चंद्रशेखर गडकरी, सुरेंद्रनाथ, व्ही. एम. मुद्दय्या, अपूर्व सेनगुप्ता हे कसोटीपटू या संघाने दिले. संघाच्या जडणघडणीत अधिकारी यांचा वाटा मोठा होता. मुंबईइतकी गुणवत्ता हाताशी नसताना तंदुरुस्ती, शिस्त आणि चपळ क्षेत्ररक्षण यांच्या बळावर संघ किती पुढे जाऊ शकतो, याचा हा एक प्रयोगच होता. पुढे राष्ट्रीय संघाबरोबर त्यांनी जे केले, त्याची तयारी येथे झाली असे मानण्यास जागा आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी एकूण आठ हजारांहून अधिक धावा आणि १७ शतके केली.

क्षेत्ररक्षण

अधिकारी यांची खास जागा कव्हर ही होती. उजव्या हाताच्या फलंदाजाच्या समोर, किंचित उजवीकडे, साधारण वीस-पंचवीस पावलांवरची ही जागा. चेंडूला पुढे येऊन मारलेला ड्राइव्ह येथूनच जातो. म्हणून कव्हरचा क्षेत्ररक्षक पायाने चपळ आणि फेकीत अचूक असावा लागतो. त्या काळच्या भारतीय संघात क्षेत्ररक्षणाकडे कमीपणाचे काम म्हणून पाहण्याची वृत्ती होती. त्याला कारणेही होती. बहुतेक मैदाने उघडी, टणक आणि खडबडीत असत. अंग झोकून दिले तर गुडघे-कोपर सोलून निघत. शिवाय संस्थानी परंपरेत मोठ्या फलंदाजाने चेंडूमागे धावावे अशी अपेक्षाच नसे. चेंडू सीमारेषेकडे जाताना क्षेत्ररक्षक त्याच्यामागून संथपणे चालत जात आहे, हे दृश्य प्रेक्षकांच्या परिचयाचे होते. अशा संघात अधिकारी वेगळे उठून दिसत.

कर्णधारपद (१९५८-५९)

१९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला तेव्हा वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट या वेगवान जोडीने भारतीय फलंदाजांना हैराण केले. त्याहून वाईट अवस्था निवड समितीने करून ठेवली. पाच सामन्यांच्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. पहिल्या कसोटीत पॉली उम्रीगर कर्णधार होते. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीत गुलाम अहमद होते. कोलकात्यातील तिसरी कसोटी एक डाव ३३६ धावांनी गमावल्यावर गुलाम अहमद निवृत्त झाले. चौथ्या सामन्यासाठी पुन्हा उम्रीगर यांची नेमणूक झाली. परंतु संघनिवडीवरून मतभेद होऊन सामन्याच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला आणि विनू मंकड यांना नेतृत्व करावे लागले. मालिका तोवर ०-३ अशी हातची गेली होती.

दिल्लीच्या पाचव्या कसोटीसाठी निवड समितीने एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारी यांना बोलावले. त्या मालिकेतील तो त्यांचा पहिलाच सामना. असे नेतृत्व सन्मान म्हणून स्वीकारण्यापेक्षा आदेश म्हणून पार पाडण्यासारखे असते. भारताने ४१५ धावा केल्या : चंदू बोर्डे १०९, नरी कॉन्ट्रॅक्टर ९२, उम्रीगर ७६, अधिकारी ६३. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात अधिकारी यांनी ६८ धावांत तीन गडी बाद केले. कसोटीतील त्यांचे सर्व बळी हे एवढेच. याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या रमाकांत देसाई यांनी अंगकाठी लहान असूनही ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत चार बळी घेतले.

दुसऱ्या डावात भारत २२९ धावांनी मागे होता. बोर्डे शतकाच्या उंबरठ्यावर, ९६ धावांवर, स्वतःच्याच बॅटने यष्टी उडवून बाद झाले. अधिकारी यांनी ४० धावा केल्या आणि डाव २७५ वर संपला. वेस्ट इंडीजला ४७ धावाच हव्या होत्या, पण तेवढा वेळ उरला नव्हता. तीन सामने लागोपाठ मोठ्या फरकाने हरलेल्या संघाच्या दृष्टीने हा अनिर्णित निकाल लहान नव्हता.

भारताचे नववे कसोटी कर्णधार असलेल्या अधिकारी यांना नेतृत्वाची पुन्हा संधी मिळाली नाही आणि हाच त्यांचा अखेरचा कसोटी सामनाही ठरला. त्यानंतर काही महिन्यांत दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला भारतीय संघ पाचही सामने हरला.

प्रशिक्षक आणि व्यवस्थापक

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर अधिकारी प्रशिक्षणाकडे वळले. आजच्यासारखा मुख्य प्रशिक्षक, फलंदाजीचा प्रशिक्षक, क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक असा लवाजमा त्या वेळी नसे. परदेश दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून जाणारी व्यक्ती हिशेब, प्रवास, भोजनसमारंभ, पत्रकार आणि तक्रारी यांत गुंतलेली असे. सराव कसा करायचा हे कर्णधार व खेळाडू आपापसांत ठरवीत. अधिकारी यांनी व्यवस्थापकाच्या पदात प्रशिक्षकाचे काम आणले. व्यायाम, धावणे आणि झेलांचा दीर्घ सराव हा त्यांच्या शिस्तीचा भाग होता. लष्करी करडेपणा सर्वांनाच रुचला असेल असे नाही.

१९७१ पूर्वी भारताने इंग्लंडमध्ये १९ कसोटी सामने खेळले होते. त्यांपैकी १५ गमावले, चार अनिर्णित राहिले आणि एकही जिंकला नव्हता. त्या वर्षीच्या आरंभी अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली होती. त्या दौऱ्यावर केकी तारापोर व्यवस्थापक होते. उन्हाळ्यात इंग्लंडला जाताना ही जबाबदारी अधिकारी यांच्याकडे आली. या मालिकेतील ओव्हलच्या कसोटीपर्यंत इंग्लंडचा संघ लागोपाठ २६ कसोटी सामन्यांत अपराजित होता.

या संघाचे बळ फिरकी गोलंदाजी हे होते : बिशनसिंग बेदी, भागवत चंद्रशेखर, श्रीनिवास वेंकटराघवन. फिरकीचा बहुतेक फायदा फलंदाजाच्या अगदी जवळ उडणाऱ्या झेलांतून मिळतो. चेंडू बॅटची कड घेतो किंवा बॅट-पॅडला लागून दोन हात उडतो. तेथे कोणी उभा नसेल, किंवा उभा असलेला भीतीने मागे सरत असेल, तर उत्तम गोलंदाजीही वाया जाते. पूर्वीच्या भारतीय संघांत फिरकी होती, पण जवळचे झेल टिपणारे हात विश्वासाचे नव्हते. १९७१ च्या संघात शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर, स्लिपमध्ये वाडेकर, शिवाय वेंकटराघवन व अबिद अली असे एक कडेच तयार झाले. सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. या मंडळींचे कौशल्य त्यांचे स्वतःचे होते. मात्र क्षेत्ररक्षण हे सरावाने कमवायचे शस्त्र आहे, ही दृष्टी संघाला देण्यात अधिकारी यांचा मोठा वाटा होता.

लॉर्ड्‌सवरील पहिली कसोटी रंगतदार अवस्थेत अनिर्णित राहिली. मँचेस्टरची दुसरी कसोटी पावसाने वाचवली. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत इंग्लंडने ३५५ व भारताने २८४ धावा केल्या. मधला एक दिवस पावसाने वाहून गेला. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत कोसळला. पहिल्या डावात ९० धावा करणाऱ्या ॲलन नॉट यांना सोलकर यांनी पुढे झेपावून जमिनीलगत झेलले. या झेलाचे छायाचित्र पुढे गाजले. भारताला १७३ धावा हव्या होत्या. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, भारताने सहा गडी गमावून त्या केल्या. त्या दिवशी भारतीय प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून आणलेली बेला नावाची हत्तीण ओव्हलच्या मैदानावर फिरवली होती. गणपतीच्या दिवशी हत्ती आणि विजय असा योग जुळल्याने महाराष्ट्रात ही आठवण विशेष जपली गेली.

१९७४ चा दौरा

तीन वर्षांनी वाडेकर कर्णधार आणि अधिकारी व्यवस्थापक अशीच रचना पुन्हा इंग्लंडला गेली. निकाल मात्र पूर्ण उलट लागला. थंडी-पावसाचा पूर्वार्ध, स्विंग होणारा चेंडू, संघातील बेबनाव आणि मैदानाबाहेरील अप्रिय प्रसंग यांत दौरा पार विस्कटला. मालिका ०-३ अशी गेली. लॉर्ड्‌स कसोटीच्या दुसऱ्या डावात जेफ अर्नोल्ड आणि ख्रिस ओल्ड यांनी भारताला ४२ धावांत गुंडाळले. १९७१ चे श्रेय व्यवस्थापकाला द्यायचे, तर १९७४ चा हिशेबही मांडायला हवा. शिस्त आणि तंदुरुस्ती यांनी झेल वाढतात, पण फुटलेला संघ केवळ कवायतीने सांधला जात नाही, हे या दौऱ्यात दिसून आले. या मालिकेनंतर वाडेकर यांची कसोटी कारकीर्द संपली.

नव्या खेळाडूंचे प्रशिक्षण

राष्ट्रीय संघाबाहेरही अधिकारी यांनी तरुण खेळाडू घडवण्याचे काम केले. सुनील गावसकर, सय्यद किरमाणी, कपिल देव, रवी शास्त्री यांच्यासारख्या खेळाडूंच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या मार्गदर्शनाचा वाटा असल्याचा उल्लेख केला जातो. अशा खेळाडूंचे श्रेय अनेक गुरूंमध्ये वाटले जाते. त्यांतला कोणाचा हिस्सा किती, हे मोजणे कठीण आणि फारसे आवश्यकही नाही.

अखेर

वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबई येथे अधिकारी यांचे निधन झाले. गुलाम अहमद यांच्यासह त्यांनी १९५२ साली केलेली १०९ धावांची भागीदारी तोवर भारताची दहाव्या गड्यासाठीची सर्वोच्च भागीदारी होती. हा विक्रम डिसेंबर २००४ मध्ये ढाक्यात बांगलादेशाविरुद्ध सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावा करून मोडला.